मांडीवरची तीट

सौ. मंजुषा,
तुला आशाआक्काचा आशीर्वाद.

उद्या बाळाचं बारसं हाय, हे अख्ख्या शेंद्रे गावानं मला सांगितलं, तू नाय. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण मला बोलावणं नाय. का नाय, ते ठाऊक हाय.

तुझ्या थोरल्या कार्तिकीला रोज तीट मीच लावायचे. कॅन्सरची औषधं सुरू झाल्यावर डॉक्टरांनी काजळ बंद करायला सांगितलं, त्याच दिवशी मी डबी फेकून दिली. तरी तिला तापात दवाखान्यात नेलं तेव्हा तू वॉर्डात ओरडलीस, "आक्का, तुमच्या काजळानं जंतू शिरले. सकाळीच मांडीवर तीट दिसली मला. तुमचं मन राखायला पुसली नाय."

पोर गेल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं. ते काजळ नव्हतंच. अशा लेकरांच्या रक्तात जंतू शिरले की कातडी मरून तसाच काळा डाग उठतो. सकाळीच आणली असती तर कदाचित वाचली असती.

अजून कुण्या लेकराच्या गालावर तीट दिसली की मी हळूच बोट फिरवते. बोटाला काजळ लागलं की मगच जीव भांड्यात पडतो.

हे तुला कळावं म्हणून लिहायला बसले. पण मग ती सकाळ तुझ्या वाट्याला येईल, आणि तुला आता दुसरं लेकरू सांभाळायचंय. पत्र टाकणार नाय.

बाळाच्या कानात नाव कुणीबी सांगू दे. कुणी विचारलं, तर तीट मीच लावली होती.

तुझी,
आशाआक्का