माहेरच्या दारातलं झाड

दादा, काल दुपारी मी एका चोराशी बोलत बसले होते. घरात सांगायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला, माझ्या गेलेल्या वडिलांना, सांगते.

तुम्ही मेहकरच्या बँकेत कारकून होतात, ते दिवस आठवतात. महाराष्ट्र नुकता झाला होता आणि खेड्यांतल्या बायका स्वतःच्या नावाने खाती उघडू लागल्या होत्या. सहीच्या जागी अंगठा, तोंडावर पदर. पैसे काढताना ओळख म्हणून नवऱ्याचं नाव विचारायचं, हा बँकेचा नियम. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हा त्यांचा. बायका खिडकीशी गप्प उभ्या राहत. म्हणून खातं उघडतानाच तुम्ही प्रत्येकीला विचारून ठेवायचात, माहेरच्या दारात कोणतं झाड आहे. उत्तर कुठे लिहीत नसायचात. ती पैसे काढायला आली की तेच पुन्हा विचारायचं. शिपाई हसायचा. "बाबूजी, बँक चालवून राह्यले का सोयरीक जुळवून राह्यले?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "तुयी जुळत नाही, त्याले मी काय करू बे."

मी शाळकरी असताना एकदा तुमचा डबा घेऊन आले, तेव्हा खिडकीशी पदर ओढलेली एक बाई होती. तिने पासबुक पुढे केलं. तुम्ही विचारता. ती जरा थांबून म्हणते, "लिंब." तुम्ही पासबुक परत सरकवता. "माय, जिचं हे पासबुक हाय, तिले घेऊन ये." बाहेर ओट्यावर बसलेला माणूस आत येतो. खातं त्याच्या भावजयीचं, उंद्री गावच्या लेकीचं. खिडकीशी आलेली ही त्याची बायको.

"काऊन हो, आमच्या घरच्या पैशाले तुमी आडवे?"

"घर तुमचं असंन. खातं तिचं हाय."

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती भावजय स्वतः आली, खिडकीशी वाकून एकच शब्द बोलली आणि पैसे घेऊन गेली. घरी मी विचारलं, कोणतं झाड? तुम्ही म्हणालात, "ते तिचं हाय." मला कधीच सांगितलं नाहीत. तुमच्याबरोबर ती सगळी झाडं गेली.

आता बँक फोनमध्ये आली आहे. व्यवहार करायचा तर काही आकडे येतात, थोड्या वेळात निरुपयोगी होतात. ते कुणालाही सांगायचे नसतात. मी बुलढाण्यात एकटी राहते. मुलगा पुण्यात, रविवारी बोलतो. बँकेला मला पाहायची गरज उरलेली नाही.

काल फोनवरचा पोरगा आधी म्हणाला, "मावशी, जेवल्या का?" मग म्हणाला, "तुमचं खातं बंद होऊन राह्यलं. आता एक नंबर आला असंन, तेवढा सांगा मले." नंबर आला होता. माझं सगळं पेन्शन त्या खात्यात आहे. हा चोर आहे हे मला तेव्हाच कळलं. फोन ठेवायला हवा होता. मी विचारलं, "तुह्या आईच्या माहेरी दारात कोणतं झाड हाय?"

त्याच्या मागे आणखी कुणीतरी दुसऱ्या कुणाला तीच वाक्यं सांगत होतं. मग तो म्हणाला, "बोरीचं होतं. तोडलं." आवाज जरा वेगळा होता.

तुम्हाला उत्तर आधी ठाऊक असायचं, दादा. मला नव्हतं. मी ते कशाशी जुळवणार?

मी नंबर दिला नाही. वांग्याचं भरीत केलं होतं, असं सांगितलं. त्याने विचारलं, मिरच्या भाजून घातल्या का. मी हो म्हटलं. बोलता बोलता त्या आकड्यांची मुदत संपली. "बरं मावशी, ठेवतो," म्हणाला.

अशा वेळी बँकेला कळवायचं आणि ज्या नंबरवरून फोन आला तो बंद करून टाकायचा, हे मला माहीत आहे. अजून दोन्हींतलं काही केलेलं नाही. आज जेवताना फोन ताटाजवळ ठेवला होता.