चुलीमागचा लाल कागद

शीथांग,
बारावा महिना, अष्टमी

लाडक्या छ्याओयुनला आजीचा आशीर्वाद.

आज आठ धान्यांची पेज केली. तुझा वाटा मीच खाल्ला. मी सांगतेय आणि लिहितेय तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू चुनमेई. तिची पोर माझ्या मांडीवर बसून पेजेतले लाल खजूर वेचतेय. अक्षर चांगलं दिसलं तर तिचं, शहाणपण दिसलं तर माझं.

गाव आता नावालाच उरलंय. आपल्या तळ्यावर भुयारी रेल्वेचं स्टेशन झालं. बेडूक तिकीट काढून कुठे गेले, कोण जाणे.

उन्हाळ्यात मोजणी, मग सरकार घरं पाडणार. जितके मजले तितकी भरपाई, म्हणून सगळ्यांनीच घरं वाढवलीत. तुझ्या बापानेही आपल्या दोन मजल्यांवर आणखी तीन चढवले. म्हटलं, "दलिन, पाया दोनाचाच आहे रे."

"आई, पाडायचंच आहे, टिकवायचंय कोणाला? तोवर भाडं तर येतंय!"

परवा त्याने चुलीमागे नव्या वर्षाचा लाल कागद चिकटवला. शेजारची लू हसली, "अहो दलिनभाऊ, सण लांब आहे, आणि कागद दाराला लावतात!" सकाळी कागद मधोमध फाटलेला. त्याने दुसरा लावला. तोही फाटला. आता त्यामागच्या भिंतीच्या फटीत माझी काठी उभी राहते. बरंच झालं, ठेवायला जागा नव्हती.

तेव्हा सणाला बाळाला घेऊन येऊ नकोस. रागाव हवं तर, पण येऊ नकोस.

"फटीबद्दल भाडेकरूंशी एक शब्द बोलायचा नाही," अशी तुझ्या बापाने मला शपथ घातलीय. मी कुठे बोलले? मी तर नातीला पत्र सांगतेय.

लिहिणारीचा हात थांबलाय. लिही गं चुनमेई, थोडंच राहिलंय. पत्र टाकायला तूच जा. पोरीला घे, गरम कपडे घे. आणि निघण्याआधी वरच्या सगळ्यांना हे मोठ्याने वाचून दाखव. दलिन विचारायला आला तर सांगेन, मला कुठे वाचता येतं?

छ्याओयुन, तू बापाला फोन कर, तुझं ऐकतो. सहाव्या मजल्याच्या विटा दारात येऊन पडल्यात. मी चुलीशी बसलेय तोवर तो त्या वर चढवणार नाही. आईची एवढी तरी काळजी असेल त्याला.

काठी आत्ताच फटीत आणखी आत गेली. इथेच अंगठा उठवते.

तुझी वाट न पाहणारी,
आजी