घोगरा आवाज

छ. संभाजीनगर

आईच्या पाया पडून संजूचं सांगणं असं,

तू फोन लावतेस आन मी उचलत नाय, म्हणून रागावू नको. थायरॉइडनं माझा आवाज लई घोगरा झालाय. तू पहिलं हेच विचारतेस, "रडत व्हतीस का गं?" शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. म्हणून ही चिठ्ठी दादाच्या श्रेयाजवळ देतेय. ती उद्याच्या बसनं कन्नडला येतेय.

काळजी करू नको. गोळी रोज उपाशीपोटी घेते. डॉक्टर म्हणाले, आवाज हळूहळू मोकळा होईल. केस गळतात, पण वेणीपुरते हायेत अजून. इथं सिडकोत भर मे महिन्यात सगळे कूलरसमोर झोपतात आन मी तुझी गोधडी पांघरते. सकाळी अंग उचलत नाय, त्याला सासूबाई आळस म्हणतात. म्हणू दे.

तुझा गुडघा कसाय? म्हैस व्याली का?

त्या दिवशी फोनवर मी म्हणाले, रडत नाय, थायरॉइड हाय. तवापासून मी खरंच रडले तरी घरात सगळे थायरॉइडच म्हणतात. बरंच झालं.

फक्त आवाज मोकळा झाल्यावर तुला काय सांगायचं, ते अजून सुचलं नाय.

तुझीच,
संजू