भिंतीपलीकडची मोजणी

ताई,

वाकून नमस्कार, पण मनातूनच. गुडघे अजून तेवढे वाकत नाहीत.

काळजी करू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झीज भरून येणार नाही, पण शेक आणि व्यायामाने दुखणं आटोक्यात राहील. म्हणून लाँड्रीतून आले की खुर्चीत बसून पाय सरळ करते आणि दहा मोजेपर्यंत धरून ठेवते.

सोमवारी कळ आली, सहावरच थांबले. भिंतीपलीकडून म्हातारा आवाज आला, "सात." घाबरून पाय तसाच धरला. "आठ, नऊ, दहा. आता हळू खाली."

घरमालकाला विचारलं, तर म्हणाला, "ती खोली वर्षभर बंद आहे. तिथल्या आजी गुडघ्यांमुळे जिना उतरूच शकल्या नाहीत. तिथेच गेल्या."

माझ्या हट्टापायी काल त्याने कुलूप काढलं. आत नुसती धूळ आणि माझ्या भिंतीला टेकवलेली खुर्ची. खुर्चीवर शेकायची रबरी पिशवी होती. हात लावला, तर गरम!

मालक पळाला. मीही पळाले, ताई, कठडा न धरता!

आज व्यायामाचा धीर होईना. तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. बसले मुकाट्याने.

तुझेही गुडघे दुखतात, दाजी शेकायला पाणी तापवून देतात ना? व्यायाम चुकवू नकोस.

तुझीच,
धाकटी