मळीच्या टाकीवरचे शंभर अंश

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की केजच्या कॉलेजात तुमचा विषय काढला तर नवी पोरं विचारतात, कोण ते? मी मात्र आज सकाळपासून तुमच्याशीच बोलतेय. कारखान्याच्या प्रयोगशाळेत वरच्या मजल्यावर बसलेय. खिडकीतून मळीची टाकी दिसते. ती तापतेय. वाफ बंद केली तरी तापतेय. माझ्यामुळे तापतेय, आणि किती तापलीय हे साहेबांना माहीत नाही.

झालं असं. धारूरच्या घाटाकडून गार वारं सुटलं की साखर काढून उरलेली मळी डांबरासारखी घट्ट होते, पंपाला ओढवत नाही. यंदा एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुना विलायती पंप आणला. त्याच्या पुस्तिकेत सगळं पौंडात आणि फुटात. मळीची श्यानता, म्हणजे तिचा घट्टपणा, किती चालेल? तर सहा पौंड प्रति फूट-सेकंद, शंभर अंशाला. साहेब म्हणाले, हे आपल्या मापात करून द्या. मला आनंदच झाला, सर. रोज साखरेचा उतारा काढणाऱ्या बाईला असं काम कोण देतं? पौंड वस्तुमानाचा की बलाचा ते आधी पाहिलं, कारण तिथे चुकलं की उत्तर बत्तीस पटींनी हुकतं. मग सहाला १.४८८ने गुणलं. ८.९३ पास्कल-सेकंद. उलटा ताळाही केला, जमला. आणि ऐटीत पंपघराच्या फळ्यावर लिहून आले: मळी नऊ पास्कल-सेकंदपर्यंत पातळ करून घ्यावी, १०० अंश.

शंभर अंश फॅरनहाइट, सर. म्हणजे आपले अडतीस. हाताला जेमतेम कोमट. मी पौंड बदलले, फूट बदलले, आणि अंश तसेच सोडून दिले. माझ्या डोक्यात ते अडतीसच होते, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. पंपघरातल्या माणसांना पास्कलशी काय देणंघेणं? त्यांना कळणारा फळ्यावरचा आकडा तेवढा एकच होता, आणि सेल्सियसचे शंभर समजून तो गाठायला त्यांनी रात्रपाळीभर टाकीत वाफ सोडली.

तुम्ही असता तर पेपर तोंडावर फेकला असता. एकदा फेकलाच होता. एरंडेल तेलात छर्रा सोडून श्यानता काढायची होती. तुम्ही टेबलाला टेकून उभे आहात, शर्टाच्या बाहीला खडू लागलाय, आणि माझं उत्तर वाचताय. "आकडा बरोबर हाय पोरी. पण कुठल्या तापमानाला?" मी म्हणते, सर, ते लिहायचं राहिलं. तुम्ही सगळे मार्क कापता. "मग ह्या आकड्याचं काय करू मी? सकाळचं तेल येगळं, दुपारचं येगळं. तापमान न्हाई तर श्यानता न्हाई!" मी रागाने रडत होते आणि तुम्हाला दया आली नाही. संध्याकाळी मात्र घरी बोलावून काकूंच्या हातची बाजरीची भाकरी वाढलीत. थंडीने बाटलीत काकवी अडून बसली होती. तुम्ही बाटली कोमट पाण्यात धरलीत आणि म्हणालात, "एवढी ऊब लई झाली." मी तेव्हाही रुसलेलीच होते, पण भाकऱ्या दोन खाल्ल्या.

आज सकाळी साहेब पंपघरात ओरडत होते, एवढी वाफ कुणी सोडली? पंप सांभाळणारे मामा माझ्याकडे बघत होते. फळा पुसलेला होता. मामांनीच पुसला होता. म्हणाले, "व्हॉल्व्ह जरा उघडा ऱ्हायलाता साहेब. तासभर बी नसंल." साहेब म्हणाले, तासाभराची वाफ ना, मग निवेल. गाळप थांबवायचं नाही. बाहेर आल्यावर मामा मला हळूच म्हणाले, "तुमी कावून घाबरता म्याडम? तुमची नोकरी नवी हाय. माझं तर रिटायर व्हायचंच आलंय. तुमी आमाला लेकीवानी हाव."

सर, त्यांनी माझ्यावर उपकार केले आणि मला गाडून टाकलं. मळी एका हद्दीपलीकडे तापली की तिला वाफ लागत नाही. ती आतल्या आत आपली आपण तापत जाते, फसफसते, फुगते, टाकी फाडून बाहेर येते. साहेबांना तासाभराची वाफ माहीत आहे, पाळीभराची नाही. म्हणून ते निवांत आहेत. टाकीला टेकून उसाच्या गाडीवानांची बिऱ्हाडं उतरलीत, भिंतीची ऊब लागते म्हणून आज तर जास्तच सरकून बसलीत. एक बाई तिथे लेकराला तेल लावतेय. मगाशी मामांनी शिडीवरून ओरडून सांगितलं, "वाफ तर बंद हाय, मग गरमी अजून कावून चढायलीय?" मी वरून फक्त हात हलवला. काय सांगू?

मी खाली जाऊन खरं बोलले तर गाळप थांबेल, माणसं हलवतील, गार पाणी मारतील. मामा खोटे ठरतील आणि माझी नोकरी आज दुपारीच जाईल. घरी काय सांगू? आई गावभर सांगत फिरते, लेक केमिस्ट आहे. नाही बोलले तर... नाही, हे वाक्य मला पुरं करता येत नाही. सर, काहीतरी सांगा ना. एकदा ओरडा तरी. एवढं लिहितेय आणि तुम्ही नेहमीसारखे मार्क कापून गप्प बसलाय.

तुम्हाला खोटं चालायचं नाही, म्हणून एक सांगते. हे पत्र मी तुमच्या आठवणीने लिहायला घेतलं नव्हतं. लिहीत बसलं की जिना उतरावा लागत नाही, म्हणून लिहीत बसले. खाली ती बाई लेकराला टाकीजवळच निजवतेय. मी उठले, सर.