चौथ्या कलमातले विद्यमान

३ मार्च, मंगळवार

परिपत्रक लागलं. ‘विमानतळावरील जमिनीवरची सर्व कामे स्वतंत्र कंपनीकडे सोपविण्यात येत आहेत, असे कळविण्यात येते.’ सोपवतंय कोण, कळवतंय कोण — एका वाक्यात दोन कर्ते बेपत्ता. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर मी बावीस वर्षं बसतोय. कर्ता हरवल्याची तक्रार नोंदवायला अजून कोणी आलेलं नाही.

साध्या भाषेत अर्थ असा: विमानं आणि वैमानिक कंपनी स्वतःकडे ठेवणार. बाकीचे आम्ही — बॅगा चढवणारे, शिड्या लावणारे, काउंटरवर हसणारे, झाडणारे, सहाशे बारा माणसं — नव्या कंपनीच्या गळ्यात. तिनं कोणाला घ्यायचं ते करारात ठरेल. करार महिनाअखेरीच्या आत. नाहीतर एक एप्रिलला सगळ्यांनाच नारळ.

६ मार्च, शुक्रवार

कँटीनमध्ये युनियनची सभा. तीन तास. खुर्च्या कमी, मतं जास्त.

समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष — सामानाच्या ट्रॅक्टरांचे मेकॅनिक, वयानं मोठे, बोलताना चिंधीनं हात पुसत राहायची सवय. काउंटरच्या बाई — संपवाल्या. आणि मी, चिटणीस. पत्रं लिहिता येतात म्हणून निवडून आलो. कोणी उभंच राहिलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, “एक दिवस बॅगा पट्ट्यावर नुसत्या फिरू देत. मग बघा कसे धावत येतात.”

अध्यक्ष म्हणाले, “एक दिवस फिरतील. दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं उचलतील.”

“तुम्हाला काय! तुमच्या हातात पाना आहे, कुठेही चालतो. आमच्याकडे नुसतं हसू. ते दुसरीकडे कोण विकत घेणार?”

टाळ्या बाईंना पडल्या, मतं अध्यक्षांना. संप नाही, बोलणी करायची. मसुदा आम्ही लिहायचा, कंपनीच्या वकिलानं तपासायचा. आम्ही म्हणजे मी.

८ मार्च, रविवार

पैलवानाकडे गेलो. हा जन्मात कुस्ती खेळलेला नाही, अंगानं काडी. पण विमानाच्या पोटातून सामान काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जानेवारीत एक लाकडी खोकं उतरवताना पाठीतली चकती सरकली. तेव्हापासून रजेवर, फळीवर आडवा. चौदा एप्रिलला ऑपरेशन, कंपनीच्या दवाखान्यात. पटावर नाव आहे तोवर तो दवाखाना त्याचा. ऑपरेशन झालं तर सहा महिन्यांत उभा राहील, नाही झालं तर डावा पाय जाणार — असं डॉक्टर म्हणाले, आणि तो मला हवामान सांगावं तसं सांगत होता.

“पंडित, करारात माझं नाव घाल.”

“करारात नावं नसतात रे. वर्ग असतात.”

“मग मला वर्गात बसव. शाळेत कधी बसलो नाही, आता बसतो.”

वहिनी हसल्या. मग आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

काही नाही. वकील आला नाही. एक छत्री सापडली, मालक सापडला नाही.

१७ मार्च, मंगळवार

मसुदा पुरा केला. खरा जीव चौथ्या कलमात. बाईंनी तोंडी सांगितलं ते असं: ‘ज्यांची नावं हजेरीपटावर आहेत अशा सगळ्या कामगारांना नवी कंपनी सामावून घेईल.’ ठीक. पण हे काय वाक्य झालं? शाळेतल्या बाई हजेरी घेतायत असं वाटतं. मी लिहिलं — ‘सर्व विद्यमान कामगारांना’. एका शब्दात काम.

बाईंनी वाचलं. “हे विद्यमान कोण?”

“म्हणजे असलेले.”

“मग असलेले म्हणा ना.”

“असलेले म्हटलं की कुठे असलेले, असा प्रश्न येतो.”

“आणि विद्यमान म्हटलं की येत नाही?”

मग मी त्यांना धातू सांगितला, गण सांगितला, प्रत्यय सांगितला. प्रत्ययापाशी लोक सहसा शरण येतात. बाईही आल्या. “बरं, राहू दे तुमचं संस्कृत. जरा वजन पडेल.”

घरी आलो तो शीळ घालत. बायकोनं विचारलं, “करार झाला?” म्हटलं, “नाही, एक शब्द झाला.”

२४ मार्च, मंगळवार

वकील आला. चकचकीत बूट, मऊ आवाज. गणवेशाच्या धुलाईवर चाळीस मिनिटं भांडला. पाळीच्या वेळा, जादा काम, रजा — प्रत्येक कलमात त्याची पेन्सिल फिरली. चौथ्या कलमावर थांबला, दोनदा वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाला, “हे आपण लिहिलंत? फार सुंदर उतरलंय.”

खोटं कशाला लिहू — बरं वाटलं. बावीस वर्षं मी लोकांना ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं लिहितोय, ते सुंदर उतरलंय असं आजवर कोणी म्हटलं नाही.

हिला सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या करत होती. “त्यांच्या वकिलानं कौतुक केलं?”

“हो.”

“मग एकदा परत वाचा तुम्ही ते.”

नाही वाचलं.

२७ मार्च, शुक्रवार

मतदान. करार मंजूर. बाईंनी विरोधात मत दिलं आणि मग सहीही केली. “समितीत आहे ना. बुडायचं तर एकाच होडीत.” अध्यक्षांनी सही करण्याआधी हात पुसले, नंतरही पुसले.

पैलवानाला फोन केला. “बसलास बाबा वर्गात.” पलीकडून वहिनींचा आवाज आला, काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण स्वर हलका होता.

३० मार्च, सोमवार

यादी लागली. पाचशे चौऱ्याहत्तर नावं.

मी चार वेळा मोजली. अडतीस नाहीत. पैलवान नाही. काउंटरवरच्या दोन मुली नाहीत, एक आठव्या महिन्यात, दुसरीचं बाळ तीन आठवड्यांचं. शिडीवरून पडलेला झाडूवाला नाही. अडतीसच्या अडतीस जण लांबच्या रजेवर.

३१ मार्च, मंगळवार

वकिलाकडे गेलो. एकटाच. त्यानं बसायला सांगितलं, पाणी दिलं, करार उघडला. “सर्व विद्यमान कामगार. सहीच्या दिवशी जे कामावर विद्यमान होते ते. रजेवरचा माणूस त्या दिवशी कामावर विद्यमान कसा?”

म्हटलं, “विद्यमान म्हणजे अस्तित्वात असलेला. ते आहेत. जिवंत आहेत.”

“ते कोण नाकारतंय? पण सेवेत आहेत की कामावर आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हजेरीपटावरचे असं लिहिलं असतंत तर मला काही करता आलं नसतं.” मग अगदी मऊ आवाजात, “शब्द तुमचाच आहे हो.”

पाणी तसंच ठेवून उठलो.

२ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यानं पैलवानाची चौदा तारीख खोडली. पटावर नाव नाही.

त्यानं मला बोलावलं ते अर्ज लिहायला. मी गेलो आणि लिहिला. तो छताकडे बघत सांगत होता, मी उतरवत होतो. “लिही, की अठरा वर्षं उचलतोय. लिही, की पाठ त्यांच्याच खोक्यानं मोडली.” मध्येच थांबला. “त्या वकिलानं कुठूनसा एक शब्द घुसडला म्हणे. त्याच्या जिभेला फोड येवोत.”

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. अक्षर चांगलं आलं. अक्षराला काय, ते कुठेही चांगलं येतं.

निघताना वहिनींनी विचारलं, “भाऊजी, या अर्जानं होईल ना काही?” मी म्हटलं, “बघू.” बावीस वर्षं खिडकीवर हेच उत्तर देत आलोय. बॅगेच्या बाबतीत निदान निम्म्या वेळा खरं ठरतं.

४ एप्रिल, शनिवार

सगळीकडे एकच चर्चा — वकिलानं शब्द घुसडला. अध्यक्षही तसंच म्हणतात. म्हणजे नाही म्हणत नाहीत. बाईंना माहीत आहे. त्या माझ्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, “उद्या सभा आहे ना? उभं राहा आणि सांगा. साध्या मराठीत. प्रत्यय नको.”

५ एप्रिल, रविवार

सांगितलं.

उभा राहिलो आणि म्हणालो, शब्द वकिलाचा नाही, माझा. बाईंनी सरळ वाक्य दिलं होतं, मी ते बदललं. चांगलं दिसावं म्हणून बदललं.

क्षणभर कोणाला कळेना. मग मागून एक आवाज आला, “कशापायी, पंडित?” एवढंच. चिडून नाही; खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. आठव्या महिन्यातली मुलगी पहिल्या रांगेत होती. ती ओरडली नाही. पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत बसली, सबंध वेळ. कोणीतरी म्हणालं, याला चिटणीस कोणी केलं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, “मीही वाचलं होतं. मीही सही केली.” त्यांचं कोणी ऐकलं नाही.

पैलवानाचा थोरला भाऊ आला होता. जाताना माझ्यापाशी थांबला, म्हणाला, “मी घरी सांगतो त्याला. तुम्ही नका येऊ.”

राजीनामा दिला. एका ओळीचा. अध्यक्षांनी घडी करून खिशात घातला. दोन तासांच्या सभेत ते एक अक्षर बोलले नाहीत.

६ एप्रिल, सोमवार

अध्यक्ष खिडकीशी आले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून म्हणाले, “पंडित, फार मनाला लावून घेऊ नकोस. सहीच्या आदल्या दिवशी वकिलानं मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला होता. म्हणाला, शब्द राहू द्या, नाहीतर करारच नाही. अडतीस की सहाशे बारा? मी म्हटलं, राहू द्या.”

मी विचारलं, “मग काल सभेत गप्प का बसलात?”

“तू बोलत होतास ना.”