तीन नंबरच्या पंख्याची तब्येत

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
मिलमध्ये आल्या आल्या रोजच्यासारखी स्क्रीनवर सगळ्या यंत्रांची विचारपूस केली. मोठ्या पंपा, कसा आहेस बाबा? हिरवा. धाकट्या पंपा, कंबर धरली नाही ना थंडीने? हिरवा. रोलरबाई, झोप लागली का? हिरव्या. तीन नंबरच्या पंख्या?
पिवळा.
बेअरिंग थरथरतंय म्हणे. हा काही महिनाअखेरपर्यंत टिकत नाही.
या कागद मिलमधल्या प्रत्येक यंत्राच्या अंगावर सेन्सर मी बसवलेत. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, घरच्या कॉम्प्युटरवर बघून बघून शिकलो. यंत्र मोडायच्या आधी मला कळतं.
संकल्प: मॅनेजर जोलीनला आजच सांगायचं.
संध्याकाळ. सांगितलं नाही. ती घाईत होती. मीसुद्धा.

६ नोव्हेंबर, बुधवार
पिवळाच.
पण उन्हाळ्यातही हाच पंखा ओरडला होता. माझ्या शब्दावर मिल बंद केली, बेअरिंग उघडलं, तर आतून नव्या नवरीसारखं चकचकीत! तेव्हापासून मी ‘हवामान खातं’. मेहुणा ड्वेन, माझ्या आर्डिसचा धाकटा भाऊ, त्या पंख्याला लागूनच्या केबिनमध्ये बसतो. आज डबा खाताना म्हणाला, दाजी, उद्या छत्री आणू का? सगळे टेबल बडवून हसले. मीही हसलो. जरा जास्तच.

११ नोव्हेंबर, सोमवार
शेवटी विषय काढला. भर मीटिंगमध्ये. जोलीन म्हणाली, नॉर्बकाका, गोल गोल नको, ठाम सांगा. शनिवारी तेवीसला हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतोय, अर्धी मिल जंगलात जाणार, त्याआधी ऑर्डर काढायचीय. तरी तुम्ही बंद म्हणालात तर बंद.
सगळे माझ्या तोंडाकडे. ड्वेनने हळूच छत्री उघडल्याची खूण केली.
मी म्हणालो, नजर ठेवून आहे.
म्हणजे सांगितलं, असंच धरायचं.

१३ नोव्हेंबर, बुधवार
लाल.
शांत डोक्याने विचार केला. पंखा म्हातारा झालाय. म्हाताऱ्याला तरुणाचं माप लावून कसं चालेल? माझ्या डॉक्टरनेही साठीनंतर ब्लडप्रेशरची मर्यादा जरा वर धरली होती. तशी पंख्याच्या थरथरीची धरली.
हिरवा!
याला प्रणाली शिकवणं म्हणतात. येरागबाळ्याचं काम नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
ड्वेन म्हणाला, दाजी, केबिनमध्ये आता कॉफी ढवळायला चमचा लागत नाही. नुसता कप टेबलावर ठेवायचा.
पोरगं विनोदी आहे. रात्री सगळे फिश फ्रायला गेलो. मला मासा गेला नाही. तेल जुनं असावं.

१८ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा लाल. मर्यादा पुन्हा वर. हिरवा. ऑर्डर वेळेवर निघतेय.
संकल्प: सीझन उघडला की सोमवारी बेअरिंग बदलायचं. नक्की. तेव्हा मिल निम्मी रिकामी असेल, हसायला माणसंही कमी.

२० नोव्हेंबर, बुधवार
आर्डिसने विचारलं, चेहरा का उतरलाय? म्हटलं, काही नाही, तो पंखा. ती म्हणाली, आमचा ड्वेन बसतो तिथला? म्हटलं, हिरवा आहे गं. ती भांडी विसळता विसळता म्हणाली, हिरवा आहे, की केलाय?
प्रश्न तांत्रिक नव्हता. भांडी पुसायला घेतली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सीझनच्या पहिल्या दिवशी कामावर कोण, याच्या चिठ्ठ्या काढल्या. निघालं माझं नाव. चाळीस वर्षांत पहिला दिवस चुकवलेला नाही! तोंड एवढंसं झालं असणार, कारण ड्वेनच म्हणाला, जा हो दाजी, तुमचे गुडघे आता किती सीझन टिकणार? मी बसतो शनिवारी. माझ्या वाटचं हरणाचं सॉसेज तेवढं घरी पोचवा.
सोन्यासारखा पोरगा.
त्याला सांगावंसं वाटलं, केबिनमध्ये फार बसू नकोस. पण कारण विचारलं असतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.
चमत्कार! पंख्याची थरथर शून्य. स्क्रीनवर सरळ, स्वच्छ रेघ. इतका शांत पंखा आयुष्यात पाहिला नाही. बेअरिंग आपोआप बसलं असणार.
पंखा चालू होता म्हणा. पार्किंगपर्यंत आवाज येत होता, दाताखाली वाळू आल्यासारखा.
सेन्सर जागेवर आहे ना, हे पाहायला परत जावं असं एकदा मनात आलं. पण गाडी गरम झाली होती. ड्वेनला सकाळी फोन करीन.

२३ नोव्हेंबर, शनिवार. मचाणावर.
नारिंगी जाकीट, थर्मासमध्ये कॉफी. जंगलात रेंज नाही, ड्वेनला फोन करायचा राहिला. हरीण नाही. कॉफीवर तरंगही नाही. छान वाटलं.
नदीपलीकडून मिलचा भोंगा वाजला. जेवणाची सुट्टी असणार.
घड्याळात पावणेदहा.
भोंगा थांबत नाहीये.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
पंख्याची पाती केबिनची भिंत फाडून आत गेली. ड्वेन जिवंत आहे.
सेन्सर पंख्याखाली पडलेला सापडला. थरथरून निखळला होता, शुक्रवारीच.
जोलीनने मर्यादा पहिल्यासारखी करून सगळे आकडे पुन्हा लावले. लाल, लाल, लाल. मोडायचा अंदाज आला बावीस ते चोवीस नोव्हेंबर. माझी प्रणाली अचूक निघाली. आर्डिस माझ्याशी बोलत नाहीये.
डॉक्टर म्हणाले, कानांना वेळ लागेल. म्हणून ड्वेनला फोनवर लिहून पाठवलं, ते इथेही उतरवून ठेवतो:
ड्वेन, पाय कसा आहे? बरगड्या? कानात अजून घुमतंय का? जेवण जातं का? सॉसेज केलं नाही रे, हरीणच मिळालं नाही. हवामान खातं म्हण, आणखी काय वाटेल ते म्हण. तुझ्याकडून काहीच येत नाहीये, आणि काहीच येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं मला आता वाटत नाही. दोन अक्षरं लिही बाबा. लवकर लिही.